सहाव्या मुलापर्यंत आवाज

(हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मेळघाटातल्या आपल्या वसतिगृहात मी लहान मुलांचा ऐकण्याचा तास घेतो. ही मुले घरी कोरकू बोलतात. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. तिची घडण मराठीहून अगदी वेगळी. पहिलीत आलेल्या मुलाला शाळेतली मराठी परकी वाटते. म्हणून गावातल्या आज्यांच्या गोष्टी आम्ही कोरकूत ध्वनिमुद्रित केल्या, आणि त्याच गोष्टी मागोमाग मराठीत. मूल आधी आपल्या भाषेत समजून घेते, मग मराठी शब्द पकडते.

गट सहा मुलांचा, टॅब एकच. स्पीकर लावावा, तर पावसाळ्यात पत्र्यावर असा मारा चालतो की पुढच्या दोघांपलीकडे शब्द पोहोचत नाही. म्हणून हेडफोन. एका टॅबवर सहा जणांनी कसे ऐकायचे, ते आज सांगतो. कारण आपण पाठवता त्या वस्तूंशी त्याचा थेट संबंध आहे.

एका तोंडाची अनेक तोंडे करणारा स्प्लिटर स्वस्तात मिळतो. दोन हेडफोनना तो पुरतो. पण त्याची स्वतःची ताकद नसते. टॅबमधून येते तेवढेच तो वाटून देतो. ३२ ओहमचे दोन हेडफोन जोडले की टॅबवर १६ ओहमचा भार येतो, चार जोडले की ८ ओहमचा. ओहम जितके कमी, तितका ओढा जास्त. आवाज बारीक होतो, कधी फाटतो.

त्यात हेडफोन वेगवेगळ्या बनावटीचे असले, तर एकाला मोठे ऐकू येते आणि दुसऱ्याला पुसट. घरापासून पहिल्यांदाच दूर आलेले मूल तक्रार करत नाही. इतर हसले की तेही हसते. आठवड्याभराने आपणच म्हणतो, हे पोर अभ्यासात मागे आहे. मागे नसते हो ते. त्याच्यापर्यंत आवाजच गेलेला नसतो.

यावर उपाय म्हणजे हेडफोन ॲम्प्लिफायर. ही छोटी पेटी टॅबचा आवाज घेते, वाढवते आणि प्रत्येक हेडफोनला वेगळा देते. प्रत्येक तोंडाला आपले बटण असले, म्हणजे ज्याला कमी ऐकू येते त्याचाच आवाज वाढवता येतो; बाकीच्यांच्या कानांना त्रास नाही.

कानांची काळजीही घ्यावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी ७५ डेसिबलला आठवड्याला ४० तासांची मर्यादा सांगितली आहे. आमच्याकडे मापक नाही. हातभर अंतरावरून साध्या आवाजात हाक मारली की हेडफोन लावलेल्या मुलाने वळून पाहिले पाहिजे, एवढी खूण आम्ही पाळतो. हेडफोन कानावर बसणारे वापरतो, कानात घालायचे नाहीत, आणि तासानंतर पुसून ठेवतो. कान वाहत असलेल्या मुलाला आधी आरोग्य केंद्रात दाखवतो.

ब्लूटूथ का नको, असे काही जण विचारतात. साधारण टॅब एका वेळी एकदोन हेडफोनपलीकडे आवाज पाठवत नाही, शिवाय प्रत्येक हेडफोन रोज चार्ज करावा लागतो. आमच्याकडे विजेचा भरवसा किती, ते आपण जाणताच.

तेव्हा विनंती एवढीच. घरातले निरनिराळे जुने हेडफोन प्रेमाने पाठवता, त्याबद्दल ऋणी आहोत. यापुढे चार जणांनी मिळून एकाच बनावटीचे सहा वायरचे हेडफोन पाठवावेत. भारी नकोत, सारखे हवेत. म्हणजे पहिल्या मुलाला जे ऐकू येईल, तेच सहाव्यालाही येईल.