सांगणाऱ्यांना वर्गात जागा हवी

चंद्रपूर-गडचिरोलीच्या कानाकोपऱ्यांतून आलेले शिक्षक बंधू-भगिनी, गावोगावचे गायता आणि पाटील, आणि समोर बसलेल्या आयाबाया, आपणां सर्वांना जोहार!

धानाची चुरणी आटोपून, घरची कामे बाजूला ठेवून आपण चामोर्शीला आलात. कुणी भामरागडहून पहाटेची एसटी धरली, कुणी सिरोंच्याहून. स्वागत समितीच्या वतीने मी आपले मनापासून स्वागत करतो.

स्वागताध्यक्षाने आपल्या मुलखाची थोडी बढाई मारावी, अशी रीत आहे. ती मी मोडणार नाही. आमच्या तालुक्यात मार्कंडा आहे. दक्षिणेकडे निघालेली वैनगंगा तिथे वळून उत्तरेकडे वाहते आणि तिच्या काठावर कोरीव मंदिरांचा समूह उभा आहे. १८७०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅमने इथे येऊन त्याचा वृत्तान्त लिहिला. आज पुरातत्त्व खाते ही मंदिरे सांभाळते, आणि ते व्हायलाच हवे. पण महाशिवरात्रीच्या जत्रेला ज्या म्हाताऱ्या गाणी म्हणत येतात, त्यांच्या गाण्यांची नोंद कोणत्या दप्तरात आहे? आजच्या संमेलनाचा विषय इथूनच सुरू होतो.

२०११च्या जनगणनेत गोंडी बोलणारे जवळपास तीस लाख लोक नोंदले गेले. तरी ही भाषा घटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. आकडा मोठा आहे म्हणून कुणी निर्धास्त राहू नये. घरात आजी गोंडी बोलते, आई दोन्ही बोलते आणि आश्रमशाळेतून सुटीत आलेला नातू गोंडीतल्या प्रश्नाला मराठीत उत्तर देतो. धागा तुटतो तो इथे, आणि जनगणनेला तो दिसत नाही. तिकडे अंदमानात २६ जानेवारी २०१० रोजी बोआ सिनियर नावाची वृद्धा वारली आणि बो भाषा बोलणारे कुणीच उरले नाही. आपल्या शाळाशाळांत त्या दिवशी झेंडावंदन चालले होते.

मग काय करायचे? पुस्तकात लिहून ठेवायचे, असे कुणीही म्हणेल. ते झालेले आहे. नागपूरला राहणारा मिशनरी स्टीफन हिस्लॉप याने परधान भाटांची लिंगोगाथा टिपून घेतली. १८६३ मध्ये तो नदीत बुडून वारला. प्रशासक रिचर्ड टेंपलने त्याची टिपणे १८६६ मध्ये छापली. पारी कुपार लिंगोने कोंडलेल्या गोंडांना कसे मोकळे केले आणि त्यांना रीतीभाती कशा घालून दिल्या, ते दीडशे वर्षांहून अधिक काळ ग्रंथालयात सुरक्षित आहे. किंगरी वाजवत हीच गाथा दारोदार गाणारे परधान मात्र कमी होत गेले.

दुसरी वाटही आपल्या शेजारीच सापडते. आदिलाबादच्या मारलावाईत, निजामाच्या राज्यात, १९४३ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी गोंड शिक्षक घडवण्याचे केंद्र काढले. मराठी लिहिता-वाचता येणारे गोंड तरुण हाताशी धरले. देवनागरीत गोंडी वाचनपुस्तके छापली आणि त्यांत गोंडांच्याच कथा घातल्या. पुढे ते गोंडी माध्यम टिकले नाही, पण कथा ग्रंथालयात ठेवण्याऐवजी पोराच्या तोंडी द्यायची असते, हे त्या मंडळींनी ऐंशी वर्षांपूर्वी ओळखले होते.

आता इतिहासाच्या तासाकडे वळू. मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके यांनी १८५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला त्यांना चांद्याला फाशी दिले. हे झाले कागदावरचे. गावातली माणसे पुढे सांगतात, की फासाचा दोर तुटला, पुन्हा बांधला, पुन्हा तुटला. शिक्षकाने इथे खरे-खोटे करून मोकळे होऊ नये. फळ्यावर मधोमध रेघ ओढा. एका बाजूला कागद काय म्हणतो ते लिहा, दुसऱ्या बाजूला माणसे काय म्हणतात ते लिहा आणि पोरांना विचारा, लोकांनी तो दोर तुटलेला का सांगितला? पंचवीस वर्षांच्या तरुणाचे मरण ज्या मुलखाला मान्य नव्हते, त्याचे मन त्या गोष्टीत आहे. तोही इतिहासच.

आमच्या तालुक्यातल्या एका शाळेत गुरुजींनी एका गोंड आजीला पाचवीच्या वर्गात बोलावले होते. आजी खुर्चीवर बसेना, जमिनीवरच बसली. पोरे नावे सांगू लागली, आडनावे सांगू लागली. तिने पुढचे विचारले, “किती देवांचा रे तू?” वर्ग गप्प. एरवी पाढे म्हणतानाही तोंड न उघडणारा एक मुलगा मागून उठला आणि म्हणाला, “सहा देवांचा.” आजीने पुढच्या बाकावरच्या मुलीकडे बोट केले, “हीसुद्धा सहा देवांची. मग ही तुझी बहीण.” वर्ग खो-खो हसला. गुरुजींनी चार, पाच, सहा आणि सात देवांचे सगे फळ्यावर मांडले, कुणाची सोयरीक कुणाशी होते आणि कुणाशी होत नाही ते आजीकडून समजून घेतले. दुसऱ्या दिवशी तो मुलगा घरून आडनावांची यादी घेऊन आला.

हा विषय एकट्या गोंड-माडियांचा नाही. आपल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचे मांडव भरतात, पण दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्ये मागे पडली. चामोर्शी-मुलचेरा भागात पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबे वसली आहेत. घर सोडून आलेल्या आजीची आठवण तिच्या नातवाच्या वहीत आली नाही, तर तीही जाईल. एकाच वर्गात गोंडी, झाडीबोली, बंगाली आणि तेलुगू कानावर पडणे, ही आपल्या जिल्ह्याची मिळकत आहे.

काही पथ्येही पाळू या. ९ ऑगस्टला, आदिवासी दिनी, पोरांच्या डोक्यावर पिसे खोवून रेला नाचवला, की संस्कृती शिकवून झाली असे मानू नये. मरणाचे गाणे हौसेखातर म्हणायला लावू नये. मोबाइलवर टिपण्याआधी विचारावे आणि सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख लिहून ठेवावी.

आणि एक मागणी मी शासनापुढे, संस्थाचालकांपुढे ठेवतो. बाहेरून येणाऱ्या व्याख्यात्याला आपण मानधन देतो. आजी मात्र तेंदूपत्त्याची मजुरी बुडवून येते, तिला चहा पाजून परत पाठवतो. सांगणाऱ्यांना मानधन मिळाले पाहिजे, वेळापत्रकात त्यांचा तास असला पाहिजे. घटनेचे कलम ३५०-अ प्राथमिक शाळेत मातृभाषेची सोय करायला सांगते. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःच गोंडी शाळा उभी केली आणि मान्यतेसाठी तिला झगडावे लागले. गाव एवढे करू शकते, तर आठवड्याचा एक तास शाळांना जड नाही. तसा ठराव या संमेलनात व्हावा, ही विनंती.

दुपारच्या जेवणात आपल्याच बांधीतला तांदूळ आणि वांग्याची भाजी आहे. सोयीत काही उणे-अधिक राहिले, तर घरचे समजून सांभाळून घ्या. जोहार!