सांभाळाच्या मुलाला त्याची हकीकत सांगावी
(तळोदा येथे शिक्षक, अंगणवाडी सेविका व पंचायत सदस्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



सातपुड्याच्या पायथ्याच्या या तालुक्यात आईबाप गमावलेल्या मुलाला बहुधा आजी, काका किंवा मामा पदराखाली घेतात. त्याला भाकरी मिळते, कपडा मिळतो; परंतु “माझे आईबाप कुठे गेले?” या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. वडीलधारी माणसे विषय बदलतात. साऱ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट त्या मुलालाच ठाऊक नसते. आणि एखाद्या दिवशी पाणवठ्यावरच्या भांडणात कोणीतरी ती त्याच्या तोंडावर फेकते.

हे मौन मायेपोटी असले तरी घातक होय. उत्तर न मिळालेले मूल स्वतःच उत्तर रचते : “माझेच काही चुकले असेल, म्हणून मला टाकले.”

महाराष्ट्रापुढे याबाबतीत थोर उदाहरण आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. पुढे एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. १८८७ सालच्या मृत्युपत्रात त्याला वारस ठरविताना जोतीरावांनी त्याच्या जन्माची हकीकत दडविली नाही. यशवंतराव डॉक्टर झाले. १८९७ च्या प्लेगात त्यांच्या दवाखान्यात सावित्रीबाई रुग्णांची सेवा करीत होत्या. त्याच सेवेत त्यांना मृत्यू आला. सत्य उघड असूनही मायलेकांचे नाते तसूभरही सैल झाले नाही. राज्याच्या बालसंगोपन योजनेला आज सावित्रीबाईंचेच नाव आहे.

कायद्यानेही ही गरज मान्य केली आहे. २०२२ च्या दत्तक नियमावलीनुसार अठरा वर्षे पूर्ण झालेल्या दत्तक व्यक्तीला आपल्या मुळाचा शोध घेण्यासाठी अर्ज करता येतो. त्याहून लहान मुलाला दत्तक पालकांसह. मात्र जन्मदात्यांच्या गोपनीयतेला बाध येता कामा नये.

मग आपण काय करावे? मूल लहान असतानाच, त्याच्या वयाला झेपेल तेवढे, घरातल्या भाषेत सांगावे. आईबापांना दूषण देऊ नये. आजार, मृत्यू, दारिद्र्य जे घडले ते साध्या शब्दांत सांगावे. एक वही करावी : जन्मगाव, आईबापांची नावे, असल्यास छायाचित्र, आई बोलत असे त्या भिलीतील वा पावरीतील चार शब्द, गावच्या होळीची आठवण. शिक्षकांनी ‘माझे कुटुंब’ हा पाठ घेताना “तुला कोण सांभाळते?” असेही विचारावे. पंचायत सदस्यांनी जन्ममृत्यूच्या नोंदींचे दाखले मिळवून देण्यास साहाय्य करावे.

एक पथ्य मात्र अवश्य पाळावे. ही हकीकत त्या मुलाची आहे, चावडीची नव्हे. ती त्याला सांगावी. गावभर सांगू नये.

ज्याला आपण कुठून आलो हे कळले, त्याला आज जिथे आहोत ते घरही आपले वाटू लागते.