समुद्र न पाहिलेल्या मुली



१५ मार्च २०२४ रोजी ॲडमिरल लक्ष्मीनारायण रामदास वयाच्या ९०व्या वर्षी गेले. १९७१च्या युद्धात ‘आयएनएस बियास’चे नेतृत्व करून वीरचक्र मिळवणारे, तीन मुलींचे वडील, निवृत्तीनंतर अलिबागजवळ शेतीत रमलेले. ते नौदलप्रमुख असताना, १९९२ साली, वैद्यकीय शाखेबाहेरही महिला अधिकारी नौदलात घेण्यास सुरुवात झाली.

तेव्हा आपण बीडला शाळेत होतो. आपल्याला हे कुणी सांगितले नाही. वर्गातल्या काही मैत्रिणी दहावीआधीच बोहल्यावर चढल्या, पुढे ऊसतोडीला गेल्या. आजच्या मेळाव्यात त्या नाहीत.

दार उघडले होते. निरोप पोचला नाही. आपल्या गावच्या लेकींपर्यंत तो वेळेत पोचवू या. रामदासांना माझी हीच आदरांजली.