बाटली चाळीसची, सिरिंज शंभरची



अध्यक्षाने भविष्याचा वेध घ्यावा असा रिवाज आहे. तो पाळायचा तर मला इन्सुलिन पंपावर बोलायला हवं. बाहेरच्या दालनात सर्वांत मोठे फलक त्याचेच आहेत. मी मात्र सिरिंजवर बोलणार आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत इन्सुलिन आजही तिनेच टोचलं जातं, आणि आपल्या परिषदांत तिच्या वाट्याला चहाच्या सुट्टीएवढाही वेळ येत नाही.

इतिहास थोडक्यात. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या मुलाला इन्सुलिन टोचलं गेलं. पुढची कित्येक वर्षं काचेच्या सिरिंज घरोघरी उकळल्या जात, सुयांना दगडावर धार लावली जाई. १९७८ मध्ये लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी त्वचेखाली सतत इन्सुलिन सोडणाऱ्या पंपाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. डेन्मार्कच्या नोवो कंपनीचं इन्सुलिन पेन आलं १९८५ मध्ये. म्हणजे पंप पेनाच्या आधीचा. हे मुद्दाम सांगतो, कारण सिरिंज, पेन, पंप अशा चढत्या पायऱ्या आपण मनाशी धरल्या आहेत. पायरी खालची ठरली की तिच्यावर उभ्या असलेल्या माणसाला शिकवण्याचा आपला उत्साहही आटतो.

आता मूळ दुखण्याकडे येतो. आपल्याकडच्या इन्सुलिनच्या बहुतेक बाटल्या एका मिलिलिटरला ४० युनिटच्या, तर पेनातली कार्ट्रिज १०० युनिटची. चाळीसच्या सिरिंजची टोपी लाल, शंभरच्या सिरिंजची नारिंगी. संध्याकाळी मेडिकलच्या काउंटरवर गर्दी असते तेव्हा लाल आणि नारिंगीत कोण फरक करत बसतो? गिऱ्हाईक म्हणतं, ‘इन्सुलिनची सिरिंज द्या’, आणि हाताला लागेल ती मिळते.

हिशेब करून पाहा. चाळीसच्या बाटलीतलं इन्सुलिन शंभरच्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत ओढलं, तर शरीरात जातात फक्त ८ युनिट. साखर उतरत नाही, आपण डोस वाढवतो, आणि ‘पथ्य पाळत नाही’ असा शेराही मारतो. उलट प्रकार जास्त घातक. पेन अडकलं, पेनाच्या सुया संपल्या, म्हणून कुणी कार्ट्रिजमधूनच चाळीसच्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत औषध ओढलं, तर ५० युनिट जातात. अडीचपट. रात्रीच्या जेवणाआधी असं झालं तर पुढे काय होऊ शकतं, हे या सभागृहाला सांगायला नको.

ब्रिटनने १९८३ मध्ये सगळं इन्सुलिन शंभरवर आणलं. आपण दोन्ही चालू ठेवलं. चाळीसच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे, ते मी दडपणार नाही: लहान मुलाला दोन युनिट द्यायचे असतात तेव्हा पातळ इन्सुलिन मोजायला सोपं जातं, रेघा लांब लांब असतात. पण दोन मापं एकाच घरात, कधी एकाच फ्रिजच्या दारात नांदणं, याचं समर्थन मला सापडत नाही. घरात आजीची बाटली आणि वडिलांचं पेन असेल, तर टोचणारी सून या दोहोंच्या मध्ये उभी असते. तिला कुणी समजावून सांगितलेलं असतं का?

पेनाविषयी मला आकस नाही. दृष्टी अधू झालेल्या माणसाला डायलची टिकटिक मोजता येते, ४ मिलिमीटरची सुई टोचल्याचं कळतही नाही. पण पेन दिलं म्हणजे शिकवायचं काम संपलं, ही समजूत खोटी आहे. आधी दोन युनिट हवेत सोडून सुईतून थेंब येतो का पाहायचं. गढूळ इन्सुलिन असेल तर पेन तळहातांत घोळवून, उलटसुलट करून एकसारखं करायचं. बटण दाबल्यावर दहा अंक मोजेपर्यंत सुई काढायची नाही. आणि नवराबायको दोघेही मधुमेही असले तरी, सुई नवी लावूनसुद्धा, एक पेन दोघांत वापरायचं नाही. कार्ट्रिजमध्ये रक्ताचा अंश मागे येऊ शकतो. हे शेवटचं आपल्यातले किती जण आवर्जून सांगतात? काटकसर हा आपल्या घरांचा गुण आहे, म्हणून तर ते सांगायला हवं.

पंपाबद्दल एवढंच. टाइप १ च्या मुलांसाठी, रात्री साखर खाली जाण्याच्या धास्तीने जागणाऱ्या आईबापांसाठी तो मोठा आधार आहे. मात्र यंत्राची किंमत लाखांत, दर दोन-तीन दिवसांनी बदलायच्या नळीचा खर्च वेगळा. शिवाय त्यात फक्त जलद काम करणारं इन्सुलिन असतं. नळी मुडपली तर अंगात दुसरा साठा नसतो, काही तासांत कीटोन चढू लागतात. म्हणून पंपवाल्याच्या दप्तरातही पेन किंवा सिरिंज हवीच, आणि ती वापरताही यायला हवी.

आता दुसऱ्या टोकाचं घर पाहा. ऊसतोडीला निघालेलं कुटुंब चार-पाच महिने कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहतं. तिथे फ्रिज नाही. त्यातल्या कुणाला इन्सुलिन चालू असेल, तर त्याला बाटली ओल्या मडक्यात कशी ठेवायची, भिजू नये म्हणून पिशवीत कशी बांधायची, उघडल्यापासून चार आठवडे कसे मोजायचे आणि सिरिंज कोणत्या रंगाची मागायची, हे निघण्याआधी शिकवायला हवं. त्याला वीस मिनिटं लागतात. आपल्या बाह्यरुग्ण विभागात ती वीस मिनिटं कुणाच्याच कामाच्या यादीत नाहीत.

म्हणून उद्याच्या सभेत मी दोन ठराव मांडणार आहे. पहिला, राज्यात इन्सुलिन एकाच तीव्रतेचं मिळावं यासाठी औषध नियामकांकडे पाठपुरावा करण्याचा. तोवर केमिस्टने बाटली पाहिल्याशिवाय सिरिंज देऊ नये. दुसरा, इन्सुलिन शिकवायला प्रत्येक केंद्रात एक परिचारिका नेमावी, आणि तिचा तो वेळ इतर कामांना जुंपू नये.

जेवणानंतर मागच्या दालनात टेबलं मांडली आहेत. सलाइन, लाल टोप्या, नारिंगी टोप्या, सरावाची पेनं, सगळं आहे. प्रत्येकाने १८ युनिट ओढून शेजारच्याला दाखवायचे आहेत. विभागप्रमुखांना सवलत नाही. परिचारिका परीक्षक आहेत आणि मी रांगेत पहिला आहे.