सूर्याची वीज आणि शेवटचा माणूस



भीमेच्या उत्तरेस शिरूर, दक्षिणेस दौंड. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत यंत्रे रात्रंदिवस चालतात. तेथून काही कोसांवर उसाच्या फडात मात्र शेतकरी मध्यरात्री विजेरी घेऊन दारे धरतो. शेतीपंपांना वीज पाळीने मिळत आली, कधी दिवसा तर कधी रात्री. विंचूसापाचे भय जुनेच होते, त्यात बिबट्याची भर पडली. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांचेही प्राण गेले. अशा मुलखात रात्री पाणी द्यायला जाणे म्हणजे जिवाशी खेळ होय.

कोळशाकडून सूर्याकडे जाताना लाभ कोणाला आणि भार कोणावर, याचा अभ्यास आज जगभरातील विद्यापीठांत 'न्याय्य ऊर्जा-संक्रमण' या नावाने चालतो. शिरूर-दौंडच्या बांधावर या शब्दाचा पहिला अर्थ अगदी साधा आहे: शेतकऱ्याला दिवसा वीज आणि रात्री झोप.

त्या दिशेने महाराष्ट्राने पाऊल टाकले आहे. २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. तिचा आरंभ ज्या गावांत झाला, त्यांतील राळेगणसिद्धी हे शिरूरला लागून असलेल्या पारनेर तालुक्यातीलच. २०२३ पासून योजनेचा दुसरा टप्पा वेगाने राबवला जाऊ लागला. उपकेंद्राजवळ काही मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज शेतीच्या फीडरला दिवसा द्यायची, ही यामागील कल्पना. ही वीज युनिटला सुमारे तीन रुपयांत मिळते. शेतीच्या विजेची तूट आजवर उद्योगांच्या चढ्या दरांतून आणि सरकारी तिजोरीतून भरून निघत आली आहे. म्हणजे पंपाची वीज स्वस्तात तयार झाली, तर कारखान्यावरील भारही हलका होऊ शकतो. प्रत्येकाला वेगळा सौरपंप देण्यापेक्षा संपूर्ण फीडरच सौर करणे किफायतशीर आहे, हे पुण्याच्या 'प्रयास' संस्थेच्या ऊर्जा गटाने अभ्यासातून मांडले आहे.

परंतु योजना चांगली असली म्हणून तिचे फळ सर्वांच्या पदरात पडतेच असे नाही. गुजरातने २००३ मध्ये ज्योतिग्राम योजना हाती घेऊन गावठाणाची आणि शेतीची वीज वेगळी केली. गावे उजळली, भूजलाच्या उपशालाही आळा बसला. मात्र तुषार शाह आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात दुसरी बाजूही पुढे आली. शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी विकत घेऊन जगणारे अल्पभूधारक आणि वाटेकरी या बदलात अडचणीत आले. ज्याच्या नावावर पंप नाही, त्याचा विचार कागदावर होत नाही.

आपल्याकडेही हाच प्रश्न आहे. प्रकल्पासाठी खासगी जमीन देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ मिळते. परंतु प्रकल्प गायरानावर आला, तर तेथे शेळ्यामेंढ्या चारणाऱ्या धनगराने आणि भूमिहीनाने कोठे जावे? पाण्याचा प्रश्न तर त्याहून गंभीर आहे. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीजबिल माफ आहे. दिवसा वीज, बिल शून्य आणि रानात ऊस, असे झाल्यास ज्याची विहीर उथळ, ती आधी आटेल.

यावर वाट नाही असे नाही. खेडा जिल्ह्यातील ढुंडी गावात २०१६ साली शेतकऱ्यांनी सौर सिंचनाची सहकारी संस्था उभी केली आणि उरलेली वीज ते वीज कंपनीला विकू लागले. वीज विकून पैसे मिळत असतील, तर शेतकरी विनाकारण पाणी उपसणार नाही. सहकार ज्या पुणे जिल्ह्याच्या अंगवळणी पडला आहे, तेथे हे अशक्य का असावे?

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ साली मुंबईतील चार व्याख्यानांतून एकात्म मानवदर्शन मांडले. निसर्गाचे शोषण नको, दोहन हवे, हा त्या विचाराचा गाभा. सूर्य कोणाचीच वीज कापत नाही. त्याच्या प्रकाशाची वाटणी मात्र माणसे करतात. म्हणून सौर प्रकल्पाचा ठराव ग्रामसभेपुढे येईल, त्या दिवशी कार्यकर्त्याने तेथे उपस्थित असले पाहिजे आणि गायरानाचे काय, पाणी विकत घेणाऱ्याचे काय, विहिरींच्या पातळीचे काय, हे तीन प्रश्न विचारले पाहिजेत. या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली, तरच त्या विजेला अंत्योदयाची वीज म्हणता येईल.