मित्रकिडी आणि मोजणीचा काटा

पऱ्हाटीच्या पानामागे मावा फस्त करत फिरणारी चिमुकली तपकिरी अळी म्हणजे क्रायसोपर्ला. ती शेतकऱ्याची मित्रकीड. फवारणीचा अंश तिच्या अंगात गेला की विष निकामी करणारी काही जनुके जोमाने कामाला लागतात. हा जोम मोजता आला तर कोणते कीटकनाशक मित्रकिडींना किती झोंबते, याचा अंदाज येतो. १९७६ पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था ज्या नागपुरात आहे आणि २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीचा तडाखा ज्या विदर्भाने सोसला, तिथे हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता उरत नाही.

ही मोजणी जनुकाच्या आरएनए प्रतींवरून पीसीआर यंत्रावर होते. पण ट्रायकोग्रामा या दुसऱ्या मित्रकिडीची माशी जेमतेम अर्धा मिलिमीटर! प्रत्येक नमुन्यातून सारखाच आरएनए हाती लागेल याची खात्री कुणी द्यावी? म्हणून हवे ते जनुक एका स्थिर जनुकाच्या तुलनेत मोजतात. त्याला संदर्भ जनुक म्हणतात.

आणि काटाच हलला तर?

यंत्राच्या प्रत्येक फेरीत जनुकाच्या नकला जवळपास दुप्पट होतात. संदर्भ जनुक तीन फेऱ्यांनी सरकले, तर हिशेब आठपटीने चुकतो. वर्षानुवर्षे ॲक्टिन हे जनुक डोळे मिटून वापरले गेले. ॲक्टिन तर स्नायूंचे प्रथिन. कोषात अळीचे अंग मोडून नवे घडते, तेव्हा ते जागेवर कसे राहील? गॅपडीएच हे दुसरे जनुक पेशीतल्या साखरेच्या विघटनाशी बांधलेले. क्रायसोपर्लाची अळी मावा खाते, तर प्रौढ मकरंद, पराग आणि माव्याच्या चिकट्यावर जगतो. आहारच बदलला, तर अळीत खरे ठरलेले जनुक प्रौढातही खरे ठरेल असे गृहीत धरणे धाडसाचेच. त्यात नागपुरातल्या मे महिन्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे! उष्णतेच्या प्रयोगासाठी वेगळी तपासणी लागतेच.

२००२ मध्ये बेल्जियमच्या गेंट विद्यापीठातील संशोधकांनी जीनॉर्म ही पद्धत मांडली. दोन जनुकांचे गुणोत्तर सगळ्या नमुन्यांत सारखे राहते का, हे ती पाहते आणि सर्वांत डळमळीत जनुक एकेक करून वगळते. युक्ती चांगली, पण फसवीही. एकाच कामाची, समजा रायबोसोमची, दोन जनुके एकाच वेळी वर-खाली झाली, तर ती दोन्ही स्थिर भासतात. म्हणून वेगवेगळ्या कामांची जनुके उमेदवार म्हणून घ्यावीत आणि निकाल नॉर्मफाइंडरसारख्या दुसऱ्या पद्धतीनेही पडताळावा.

पीसीआर मोजणीसाठीच्या २००९ च्या एमआयक्यूई नियमावलीनुसार संदर्भ जनुके कोणती, किती आणि का निवडली, हे शोधनिबंधात सांगणे अपेक्षित आहे. तरीही ‘ॲक्टिन वापरले’ एवढ्या वाक्यावर भागवलेले निबंध सापडतातच. शिवाय क्रायसोपर्लासाठी ठरलेली संदर्भ जनुकांची यादी ढालकिड्याला लागू होत नाही. संत्र्याच्या बागेतल्या सायला या किडीवर जगणाऱ्या ढालकिड्यासाठी ती पहिल्यापासून तपासावी लागते.