इंट किती बाइटचा?

(मंडळाच्या गणेशोत्सवात सभासदांनी आपापल्या कामाविषयी मराठीतून बोलावं, असं एक सत्र ठेवलं होतं. त्यात केलेल्या भाषणाचा हा लिखित मसुदा. बोलण्याचा सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मोदकाच्या जेवणानंतरचं सत्र आणि विषय सी प्रोग्रॅमिंग! म्हणजे वामकुक्षीची सोय मंडळाने उत्तम केली आहे. पण मागच्या रांगेत आपली कॉलेजला जाणारी मुलं बसली आहेत आणि त्यांच्यापैकी दोघांनी मला सकाळीच विचारलं, "काका, एका मशीनवर चालणारा प्रोग्रॅम दुसऱ्या मशीनवर का चालत नाही?" तेव्हा आज त्यांच्यासाठी बोलतो. बाकीच्यांनी मान डोलवली तरी चालेल.

सुरुवात पुण्यापासून करतो. आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये टर्बो सी होतं. निळी स्क्रीन, पिवळी अक्षरं. इथे बसलेल्या निम्म्या लोकांच्या चेहऱ्यावर आत्ता हसू आलंय, म्हणजे तुम्हीही त्याच निळ्या स्क्रीनवर वाढलात! १९९० च्या आसपासचा तो कंपायलर आम्ही दोन हजार सालानंतरही इमानेइतबारे वापरत होतो. कंपायलर म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत आणणारा दुभाषी. ओरलला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला विचारलं, "इंट किती बाइटचा?" मी म्हटलं, "दोन, सर." पूर्ण मार्क!

घरी येऊन लिनक्सवर तोच प्रोग्रॅम चालवला. दोनशे गुणिले दोनशे. कॉलेजमध्ये उत्तर आलं होतं उणे २५,५३६ आणि घरी आलं ४०,०००. कॉलेजमध्ये इंट दोन बाइटचा, त्यात ३२,७६७ च्या वरचा आकडा मावत नाही. घरी तोच इंट चार बाइटचा. पुढे नोकरीच्या मुलाखतीत हाच प्रश्न आला. मी सवयीने "दोन" म्हटलं आणि समोरचे गृहस्थ नुसते हसले.

खरं उत्तर असं आहे, की ते कंपायलरवर अवलंबून आहे. सी भाषेचं मानक एवढंच सांगतं, की इंट निदान सोळा बिटांचा, म्हणजे दोन बाइटचा हवा. पुढचं ज्याचं त्याने ठरवावं.

आता तुम्ही म्हणाल, मानक करायला बसलेल्या मंडळींनी हे असं अर्धवट का सोडलं? त्याला कारण आहे. १९७० च्या दशकात बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी सी तयार केली ती पीडीपी-११ या यंत्रावर. १९७३ मध्ये युनिक्स सीमध्ये नव्याने लिहिलं गेलं. मग रिची आणि स्टीव्ह जॉन्सन यांनी ते इंटरडेटा ८/३२ या अगदी वेगळ्या यंत्रावर नेलं. याला आम्ही पोर्टिंग म्हणतो, म्हणजे प्रोग्रॅमचं बिऱ्हाड हलवणं. त्या काळचा एक किस्सा आमच्या धंद्यात अजून सांगतात. नव्या यंत्रावर "युनिक्स" हा शब्द छापायला गेले, तर अक्षरांच्या जोड्या उलटून "नक्सी" छापलं गेलं! एका यंत्रात दोन बाइटांतला धाकटा आधी बसतो, दुसऱ्यात थोरला. आपण तारीख आधी लिहितो आणि अमेरिकेत महिना आधी लिहितात, तसंच हे.

यंत्रं अशी निरनिराळी होती. प्रत्येक यंत्रावर सी चपळ चालावी म्हणून बऱ्याच गोष्टी यंत्राच्या सोयीवर सोडल्या. १९८९ मध्ये अमेरिकेत आणि १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर मानक झालं तेव्हा ही सूट कायम राहिली. मानकाने काही गोष्टी कंपायलरवर सोडल्या, पण काय निवडलं ते लिखित कळवायला सांगितलं. काही बाबतींत कळवायचीही सक्ती नाही. आणि काही गोष्टी अशा, की त्या केल्यात तर काहीही होऊ शकतं, तक्रार करायची नाही.

बायकांना हे माझ्यापेक्षा चांगलं समजेल, कारण त्यांनी इथे मिक्सर आणले आहेत. भारतातला मिक्सर जर्मनीत आणला की पहिली अडचण प्लगची. तीन पिनांचा प्लग इथल्या भोकात शिरतच नाही. चिडचिड होते, पण नुकसान काही नाही. पाच युरोचा अडॅप्टर आणला की काम झालं, कारण वीज दोन्हीकडे २३० व्होल्टचीच. आता अमेरिकेहून बदली होऊन आलेल्या कुणी आपला १२० व्होल्टचा मिक्सर असाच अडॅप्टर लावून सुरू केला तर? प्लग छान बसतो आणि मिक्सर जळतो. पोर्टिंगच्या चुकाही अशाच दोन जातींच्या. प्लग बसत नाही ती चूक कंपायलर लगेच दाखवतो, तिची भीती नको. भीती दुसरीची, जिच्यात सगळं छान बसल्यासारखं दिसतं.

अशा दुसऱ्या जातीच्या चुकीत मी स्वतः भाजलो आहे. तेवढं सांगतो.

जर्मनीत येऊन मला चार महिने झाले होते. म्हणजे सहा महिन्यांची प्रोबेत्साइट अजून संपायची होती. ब्लू कार्ड त्या नोकरीवर, घरी नऊ महिन्यांची मुलगी. काम होतं एका यंत्र बनवणाऱ्या कारखान्याचं. सुट्या भागांच्या ऑर्डरींचा त्यांचा प्रोग्रॅम नव्वदच्या दशकात सीमध्ये लिहिलेला, आयबीएमच्या एआयएक्स या युनिक्सवर वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेला. तो आम्हाला साध्या इंटेलच्या सर्व्हरवर, लिनक्सवर न्यायचा होता.

कंपाइल केल्यावर एक हजाराच्या वर वॉर्निंग आल्या. मुदत जवळ आलेली. मी थोड्या वाचल्या, निरुपद्रवी वाटल्या आणि सरळ एक स्विच लावून सगळ्या बंद केल्या. मग चाचणी घेतली. ग्राहक म्हणून माझं नाव घातलं, बायकोचं घातलं, कॉलेजच्या पाच-सहा मित्रांची घातली. सगळं व्यवस्थित!

प्रोग्रॅम सुरू झाला. आठवड्याने फोन आला, की काही ग्राहकांना माल पोचलेलाच नाही. प्रोग्रॅम बंद पडला नव्हता, त्रुटीचा संदेश नव्हता. काही ऑर्डरी नुसत्याच "अनोळखी ग्राहक" या यादीत जाऊन पडल्या होत्या आणि ती यादी कुणी बघत नव्हतं. एका गिऱ्हाईकाचं यंत्र एका सुट्या भागासाठी दोन दिवस बंद होतं. बैठकीत मी ठणकावून सांगितलं, "मूळ प्रोग्रॅमच जुना आणि सदोष आहे."

तो प्रोग्रॅम ज्यांनी लिहिला ते गृहस्थ त्याच बैठकीत बसले होते. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. त्यांच्याशी मी 'झी' लावून, म्हणजे अहो-जाहोनेच बोलायचो, पण त्या दिवशी माझा सूर अरे-तुरेचाच होता. ते काही बोलले नाहीत. दुपारी हरवलेल्या ग्राहकांची यादी छापून माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "या नावांत तुम्हाला काय सारखं दिसतं?"

म्युलर. श्रोडर. क्र्युगर. बॅकर. एकूण एक नावात डोक्यावर दोन टिंबं असलेलं अक्षर, म्हणजे उमलाउट!

मुलांनो, आता नीट ऐका. सीमध्ये अक्षर ठेवायला कॅर नावाचा प्रकार असतो, बहुतेक ठिकाणी आठ बिटांचा. आठ बिटांत २५६ आकडे मावतात. पण ते ० ते २५५ समजायचे, की उणे १२८ ते १२७? हे मानकाने कंपायलरवर सोडलं आहे. पीडीपी-११ ला उणे चिन्हासह वाचणं सोपं होतं, आयबीएमच्या मोठ्या यंत्रांना बिनचिन्हाचं सोयीचं होतं. एआयएक्सवर कॅर बिनचिन्हाचा. इंटेलवरच्या लिनक्समध्ये चिन्हासह. म्युलरमधला तो दोन टिंबांचा 'यू' त्या प्रोग्रॅमच्या संकेतप्रणालीत २५२ वा. जुन्या यंत्रावर प्रोग्रॅम २५६ खणांच्या तक्त्यात २५२ वा खण बघायचा आणि त्यावरून ग्राहक शोधायचा. नव्या यंत्रावर तोच २५२ झाला उणे चार. प्रोग्रॅम तक्त्याच्या चार घरं मागे गेला, मेमरीत तिथे जे पडलं होतं ते उचललं आणि म्युलरसाहेब अनोळखी झाले.

साधी इंग्रजी अक्षरं १२७ च्या आतच असतात, त्यामुळे चिन्ह असो-नसो, फरक पडत नाही. आमची सगळी मराठी नावं मी रोमन लिपीत लिहून चाचणी घेतली, म्हणून ती पास झाली. खरी गंमत पुढे आहे. आपल्या लिप्यांसाठी भारतात १९९१ मध्ये इस्की हे मानक झालं. पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट गटाचं या क्षेत्रातलं काम तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. इस्कीत 'क' चा आकडा १७९. चिन्हासह वाचला तर उणे ७७. सगळी देवनागरी अक्षरं १६० च्या वर! आजच्या युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्येही देवनागरी अक्षराचे तिन्ही बाइट १२७ च्या वरच असतात. म्हणजे चाचणीत मी एक नाव जरी देवनागरीत घातलं असतं, तरी चूक पहिल्याच अक्षराला पकडली गेली असती. मराठी माणूस असून मला ते सुचलं नाही. इथे येऊन मी सगळीकडे आपलं नाव रोमनमध्ये लिहायला इतका सरावलो होतो!

संध्याकाळी मी बंद केलेल्या वॉर्निंग पुन्हा सुरू केल्या. जीसीसी या कंपायलरने नेमक्या त्याच ओळीवर बोट ठेवलं होतं, की तक्त्याचा क्रमांक म्हणून कॅर वापरू नका. त्याने सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं.

ती रात्र झोप लागली नाही. सकाळी बॉसकडे जाऊन मी सांगितलं, की वॉर्निंग मी बंद केल्या होत्या. नोकरी गेली असंच धरून चाललो होतो. तेवढ्यात ते ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "चूक अर्धी माझीसुद्धा आहे. कॅर बिनचिन्हाचा आहे हे मी गृहीत धरलं आणि कुठेही लिहून ठेवलं नाही." तीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस, आदल्या दिवशी मी त्याच्या कामाला सदोष म्हटलेलं, आणि तो माझ्या बाजूने उभा राहिला. पुढचे तीन आठवडे आम्ही दोघांनी मिळून ती एक हजार गृहीतकं एकेक करून तपासली. नोकरी राहिली. तेवढे तीन आठवडे मी जे शिकलो ते चार वर्षांच्या डिग्रीत शिकलो नव्हतो.

त्या यादीतून निघालेल्या चार गोष्टी सांगतो. पहिली, आकाराची खात्री हवी तिथे नुसता इंट किंवा लाँग वापरू नका. ६४ बिटांच्या लिनक्सवर लाँग आठ बाइटचा, विंडोजवर चारच. १९९९ च्या मानकापासून नेमक्या बिटांचे प्रकार मिळतात, ते घ्या. दुसरी, स्ट्रक्चर जसंच्या तसं फाइलमध्ये ओतू नका. बाइटांचा क्रम आणि मधल्या रिकाम्या जागा प्रत्येक यंत्रावर वेगळ्या. ठरलेल्या क्रमाने एकेक बाइट लिहा. तिसरी, यंत्रावर किंवा ऑपरेटिंग सिस्टिमवर अवलंबून असलेलं सगळं एकाच फाइलमध्ये ठेवा, प्रोग्रॅमभर भुरभुरू नका. चौथी, निदान दोन वेगळ्या कंपायलरांतून काढा आणि वॉर्निंग कधीही बंद करू नका.

यातली तिसरी गोष्ट तर या देशाने उद्योग म्हणूनच करून दाखवली. गाडीत कितीतरी छोटे संगणक असतात, निरनिराळ्या कंपन्यांच्या चिपवर चालणारे, आणि बहुतेक प्रोग्रॅम सीमध्ये. १९९३ मध्ये जर्मन वाहन कंपन्यांनी ओसेक नावाचा समान पाया ठरवायला घेतला आणि २००३ मध्ये ऑटोसार सुरू झालं. एरवी एकमेकांच्या गाड्या बाजारात मागे टाकायला टपलेल्या बीएमडब्ल्यू, फोक्सवॅगन एका टेबलाला बसल्या. ऑटोसारमध्ये प्रत्येक चिपसाठी एक छोटी फाइल असते. तिच्यात पूर्णांक किती बिटांचे, थोरला बाइट आधी की धाकटा, हे स्पष्ट लिहिलेलं असतं. वरचा प्रोग्रॅम मग चिप बदलली तरी तोच राहू शकतो. आज श्टुटगार्टमध्ये आणि पुण्यात बसून आपली कितीतरी मुलं-मुली हेच काम करताहेत.

मागच्या रांगेतल्या मंडळींसाठी एक तारीख देऊन ठेवतो. १९ जानेवारी २०३८. जे जुने प्रोग्रॅम १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांच्या चिन्हासहित आकड्यात मोजतात, त्यांचा आकडा त्या दिवशी संपतो. जर्मनीत पहाटेचे चार वाजून चौदा मिनिटं आणि सात सेकंद, भारतात सकाळचे पावणेनऊ वाजायला आलेले. नव्या ६४ बिटांच्या यंत्रांवर हा प्रश्न सहसा नाही. पण कारखान्यांत, उपकरणांत बसलेले जुने प्रोग्रॅम तुमच्यापैकीच कुणाला तरी उघडावे लागणार आहेत. उघडाल तेव्हा ज्याने लिहिलं त्याला लगेच नावं ठेवू नका. त्याच्या यंत्रावर ते बरोबर होतं. त्याने काय गृहीत धरलं होतं ते आधी शोधा, आणि सापडलं की लिहून ठेवा.

आपणही इथे येताना कितीतरी गोष्टी गृहीत धरून आलो. त्यातलं आपलं मानक कोणतं आणि नुसती घरची सवय कोणती, हे परक्या मुलखात येऊन एखादी गोष्ट अडल्याशिवाय कळत नाही. पाहुण्याला उपाशी पाठवायचं नाही, हे मानक. न कळवता थेट घरी जाऊन बेल वाजवायची, ही सवय! ती इथे चालत नाही, हे आम्हाला शेजाऱ्यांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं. वॉर्निंगच ती. ऐकली, म्हणून आज ते आमच्याकडे दिवाळीला चकली खायला येतात.

ते ज्येष्ठ सहकारी आता निवृत्त झाले आहेत. त्यांच्या निरोपसमारंभाला बायकोने रव्याचे लाडू केले होते आणि डब्यावर त्यांचं नाव मी देवनागरीत लिहिलं. ते त्यांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "चाचणी घेतली का?" मी म्हटलं, "हो, या वेळी घेतली."

 चहा तयार आहे असं खुणेने सांगताहेत.